मोठा खडस परत कोंडात सोडू या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

म्हादईवर आपल्या दैनिकात नेहमी लिहून येते. कर्नाटकाचा पाणी वळवण्याचा कळसा-भांडुरा प्रकल्प, पाणीवाटपाच्या लवादाचा २०१८ चा निवाडा, पाणी वळवले तर सत्तरीचे काय होणार, हे सगळे मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, कारण माझे घर त्याच नदीच्या काठावर आहे. पण त्या पाण्यात जे राहतात त्यांच्याविषयी कुणी फारसे लिहीत नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, पण कापू नये ही विनंती.

मी निवृत्त लाइनमन. चौतीस वर्षे सत्तरी आणि डिचोलीतल्या विजेच्या खांबांवर काढली. गरी घेऊन नदीवर बसण्याचा नाद मात्र नोकरीच्या कितीतरी आधीचा, वडिलांनी लावलेला.

यंदा दसरा होऊन चार दिवस झाले होते. सकाळी कोंडावर, म्हणजे नदीतल्या खोल डोहावर, गेलो. आमच्या गावाखाली नदी वळसा घेते तिथे हा कोंड आहे. वरच्या अंगाला काळा कातळ, खालच्या अंगाला गोट्यांचा उतार आणि शेरणीची झुडपे. आश्विनात पाणी उतरू लागते, गढूळपणा जाऊन हिरवट होते, आणि पहाटे कातळावर गप्प बसले तर वरून पडलेले उंबर खडस, म्हणजे महाशीर मासा, उचलतो तो आवाज ऐकू येतो. त्या दिवशी आवाज नव्हता. वास होता. पाण्याच्या टाकीत पावडर टाकल्यावर येतो तसा. खालच्या उथळ पाण्यात बोटाएवढी पिल्ले पोट वर करून गोट्यांना लागली होती, ओंजळीने उचलावीत इतकी. आणि शेरणीच्या मुळांत एक खडस अडकला होता, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत मोजला तर त्याहून वीतभर लांब. अंगावरचा एकेक खवला पाच रुपयांच्या नाण्याहून मोठा, कडेला सोनेरी झाक अजून गेलेली नव्हती. कल्ला उघडून पाहिला. ताज्या माशाचा कल्ला लाल असतो हे बाजारात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ह्याचा उकडल्यासारखा पांढरा पडला होता. ब्लिचिंग पावडरने कल्ले जळतात आणि मासा पाण्यात असूनच गुदमरून मरतो. ज्यांनी ती टाकली त्यांनी हाती लागले तेवढे मोठे मासे नेले असणार. हा त्यांच्या नजरेतून सुटला होता, आणि तरी मेला होता.

मी तो मासा घरी नेला नाही. काठावर खड्डा काढून पुरला. पुरताना मला गेल्या वर्षीची एक संध्याकाळ सारखी आठवत होती. तिच्याविषयी सांगितल्याशिवाय पुढचे म्हणणे समजणार नाही.

माझी मुलगी इंग्लंडमध्ये रेडिंग शहरात नर्स आहे. तिथे केनेट नावाची नदी थेम्सला मिळते. गेल्या ऑक्टोबरात मी तिच्याकडे महिनाभर होतो. शेजारी एक सुतारकाम करणारे गृहस्थ, वयाने माझ्याहून थोरले. बाबा मासे धरतात असे मुलीने सांगताच त्यांनी मला आपल्याबरोबर न्यायचे ठरवले. पण आधी परवाना. नदीत गळ टाकायला तिथे तेरा वर्षांवरच्या प्रत्येकाला सरकारी परवाना लागतो. मुलीने तो मोबाइलवर आठ दिवसांचा काढून दिला. शिवाय त्या काठाची परवानगी वेगळी, कारण काठ तिथल्या मासेमारांच्या मंडळाकडे होता. १५ मार्च ते १५ जून नदी अशा माशांसाठी बंद. तो त्यांच्या अंडी घालण्याचा काळ. हे सगळे मला काठावर पोचण्याआधीच सांगून झाले होते.

ज्या माशासाठी आम्ही बसलो त्याला ते बार्बल म्हणतात. लांब, पिवळसर करड्या अंगाचा, तोंड खालच्या बाजूला आणि ओठाजवळ चार मिशा. गोट्यांच्या तळाशी, वाहत्या पाण्यात राहतो आणि मिशांनी चाचपत खातो. पाच पौंडांचे बरेच मिळतात. दहा पौंडांचा, म्हणजे साडेचार किलोच्या वरचा, मिळाला तर माणूस तो आयुष्यभर लक्षात ठेवतो. त्या गृहस्थांना तसाच हवा होता, आणि शरद ऋतू हा त्याचा काळ. थंडी पडण्याआधी बार्बल पोट भरून घेतो.

पण नदी साथ देत नव्हती. कित्येक दिवस पाऊस नाही, पाणी उतरलेले आणि काचेसारखे नितळ. तळातला प्रत्येक गोटा दिसत होता, म्हणजे माशालाही आम्ही दिसत होतो. काठावर पाय जोरात टाकला तरी ते बोटाने गप्प करायचे. मातीतून हादरा पाण्यात जातो, म्हणायचे. हे माझे वडीलही सांगत. सावली पाण्यावर पडू देऊ नये, हेही. आमची आमिषे म्हणजे डब्यातल्या मांसाचे चौकोनी तुकडे आणि उकडलेले भांगेचे बी. पण तिथल्या नद्यांत अमेरिकेतून आलेली एक नांगीवाली जात पसरली आहे, आपल्या झिंग्याची मोठी बहीण म्हणा. ती आमिष कुरतडून गरी रिकामी करायची. छडीचे टोक हलले की मासा, असे मला वाटायचे आणि ते मान हलवायचे. चार संध्याकाळी गेल्या. एकही मासा नाही. ऑक्टोबरातली तिथली थंडी हाडात शिरते. मी हातमोजे घालून थर्मासला बिलगून बसलेला असायचो.

पाचव्या दिवशी आदल्या रात्रीच्या पावसाने पाणी हातभर चढले आणि चहासारखे लाल झाले. आता झाडांची पाने. वरून पाल्याचे थरच्या थर वाहत येत, दोरीवर अडकत आणि शिसे जागेवरून ओढून नेत. दर दहा मिनिटांनी दोरी ओढून साफ करायची, पुन्हा टाकायची. मी घरी जायला तयार होतो. ते म्हणाले, असल्या पाण्यातच तो निर्धास्त होतो, त्याला आता आपण दिसत नाही. मग ज्या कडेला प्रवाह मंद होता आणि पाने कमी येत होती तिथे, काठापासून जेमतेम दोन काठ्यांवर, त्यांनी गरी टाकायला लावली. काळोख पडता पडता छडीचे टोक एकदम वाकून पाण्याकडे गेले. हा मासा कुरतडत नाही, ओढूनच नेतो.

वीस मिनिटे तरी लागली असतील. खडसाची आठवण झाली, तेच बळ, तळ न सोडण्याचा तोच हट्ट. जाळीत आल्यावर मी उचलायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. मासा जाळीतच, पाण्यातच राहू द्यायचा. दमलेला आहे, आधी श्वास घेऊ दे. तोवर त्यांनी काठावर एक मऊ गादी अंथरून तिच्यावर नदीचे पाणी ओतले. कोरड्या कापडाला किंवा कोरड्या हाताला माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि मग त्याला रोग धरतो. गरीला उलटा काटा नव्हता, बोटाने सहज सुटली. त्याच्या पाठीवरच्या पराचा पुढचा काटा करवतीसारखा दातेरी असतो, तो जाळीत गुंतला होता. तो त्यांनी धागा कापून सोडवला, काटा मोडला नाही. ओल्या झोळीत वजन केले. अकरा पौंड दोन औंस. पाच किलोला थोडे वर.

मग ते गुडघाभर थंड पाण्यात उतरले. मासा दोन्ही हातांत सरळ धरला, तोंड प्रवाहाकडे, म्हणजे पाणी आपोआप कल्ल्यांतून जाते. मीही उतरलो. त्यांनी तो माझ्या हातांत दिला. पोटाखाली माझे तळवे, आणि त्यांना त्याचे कल्ले उघडझाप करताना जाणवत होते. पाच मिनिटे, दहा मिनिटे. मी सोडायला बघत होतो, ते 'अजून नाही' म्हणत होते. शेवटी त्याने स्वतःच शेपटीचा एक फटका दिला आणि लाल पाण्यात दिसेनासा झाला. चार-पाच दिवस थंडीत बसून धरलेला मासा. आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते मी आमच्याकडे भरली पिशवी घेऊन जाणाऱ्याच्या चेहऱ्यावरही पाहिलेले नाही.

कुणी म्हणेल, ते श्रीमंत लोक, त्यांचा खेळ आहे, आमचे पोट आहे. शिवाय बार्बल खाण्याजोगा नाही, त्याची गाबोळी विषारी, खाल्ली तर ओकारी-जुलाब होतात. हे खरे आहे. मी मासे खाणारा माणूस आहे आणि खात राहणार. त्यांची नदीही काही स्वर्गातली नाही. पूर्वी इथे बार्बल पुष्कळ होते, आता कमी झालेत, असे ते गृहस्थ दर संध्याकाळी हळहळून सांगत. पण कमी झालेत म्हणूनच उरलेला प्रत्येक मोठा मासा ते असा जपतात, आणि आम्ही कमी झाले म्हणून पावडर टाकतो.

घरी आल्यावर एक गोष्ट वाचनात आली आणि मी चकित झालो. आपला खडस शास्त्रात प्रथम नोंदवला गेला तो १८३९ साली. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून, आणि नाव दिले बार्बस खुद्री. म्हणजे त्या बार्बलचेच कुळनाव! पुढे शास्त्रज्ञांनी त्याला वेगळ्या गटात टाकून टोर खुद्री केले, पण भाऊबंदकी राहिलीच. दोघांना चार मिशा, दोघांना वाहते पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो. केनेटमध्ये मी ज्याला दहा मिनिटे हातांत धरले आणि कोंडाकाठी ज्याला पुरले, ते एकाच घराण्यातले.

आता माझ्या व्यवसायातली गोष्ट सांगतो. पावडरीपेक्षाही वाईट काही असेल तर करंट. लाइनवर आकडा टाकून तार पाण्यात सोडतात. सेवेत असताना एका ओढ्यावर अशी तार उतरवायला मला जावे लागले होते. तोवर एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा तिथे शॉक लागून मेला होता. त्याच्या आईने मला विचारले, पाण्यात कसा काय शॉक लागतो रे? मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर मी आता इथे लिहितो. तुटलेली तार जमिनीवर पडली तर आम्ही लोकांना ओरडून सांगतो, पाय जुळवून ठेवा, लांब टांग टाकू नका. कारण दोन पायांत जेवढे अंतर जास्त तेवढा दोन पायांमधला विजेचा दाब जास्त, आणि तेवढा करंट अंगातून जातो. पाण्यातही तसेच. बोटभर पिल्लाच्या तोंडापासून शेपटीपर्यंत अंतर थोडे, म्हणून त्याला धक्का कमी. हातभर खडसाला त्याच पाण्यात कितीतरी पट जास्त. म्हणजे करंट कोंडातल्या सगळ्यांत मोठ्या, सगळ्यांत जुन्या माशाला आधी मारतो. ज्या मादीच्या पोटात सर्वांत जास्त अंडी, तिलाच. एका रात्रीत कोंड वांझ होतो आणि वरून पाहिले तर पिल्ले फिरताना दिसतात, म्हणून कुणाच्या ध्यानातही येत नाही.

जिलेटीनची कांडी मी लहानपणी पाहिली आहे. खाणीवरून आणलेली. आणणाऱ्यांत आमच्याच नात्यातले एक होते आणि मासे वेचायला पोरांना नेले होते, मीही गेलो होतो. आवाज झाल्यावर पांढरे मासे वर आले, आम्ही नाचलो. वडिलांनी संध्याकाळी मला हात धरून कोंडावर नेले आणि बुडी मारायला लावली. खाली तळाशी गोट्यांच्या फटींत वर आलेल्यांपेक्षा जास्त मासे मरून पडले होते. आतली हवेची पिशवी फुटली की मासा बुडतोही. वडील एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसापासून मी गरीशिवाय दुसरे काही हातात धरले नाही.

स्फोटके आणि विष घालून मासे मारायला बंदी १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग कायद्यापासून आहे. शंभर वर्षांहून जुनी. त्या कायद्यात दंड दोनशे रुपयांपर्यंत, किंवा दोन महिन्यांपर्यंत कैद. १८९७ साली दोनशे रुपये मोठी रक्कम होती. आज एक किलो इसवण, म्हणजे सुरमई, येत नाही तेवढ्यात. म्हादई अभयारण्य १९९९ पासून आहे, तिथे तर मासा मारायचाच नाही. समुद्रात १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस ट्रॉलर बंद असतात आणि त्या बंदीवर दरवर्षी वर्तमानपत्रे भरून लिहितात. त्याच दिवसांत, मृगाच्या पहिल्या पावसात, नदीतला मासा अंडी घालायला ओहोळांत आणि शेतांत चढतो. आम्ही बॅटऱ्या, कोयते आणि जाळी घेऊन त्याच्या वाटेवर उभे राहतो. चढणीचे मासे हा आपल्याकडे सण आहे. मीही कितीतरी वर्षे तो साजरा केला. आईच्या हातची चढणीच्या माशांची आमटी, तिरफळ घातलेली, तिची चव अजून जिभेवर आहे. तरी आता सांगतो, पहिले पंधरा दिवस तरी त्यांना चढू द्या. उतरताना धरा. अंडी घालून झाल्यावर तेच मासे त्याच वाटेने खाली येतात.

आणि बंधारे. पावसाळा संपला की बंधाऱ्यांना फळ्या लागतात. पाणी अडवायलाच हवे, बागायती त्यावर आहेत. पण फळ्या एका दिवसात सगळ्या लावल्या तर खालच्या अंगाला गोटे उघडे पडतात आणि डबक्यांत अडकलेले मासे हाताने वेचता येतात. दोन-तीन टप्प्यांत, थोडी धार सोडत लावल्या तर मासा खालच्या कोंडापर्यंत पोचतो. ह्याला एक पैसा खर्च नाही. फळ्या लावणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवे, एवढेच.

जुने लोक काय मूर्ख नव्हते. रामेठा आणि गेळ्याची फळे ठेचून मासे बेशुद्ध करण्याची विद्या त्यांनाही होती, पण ती गावाने ठरवलेल्या दिवशी, ठरवलेल्या पाण्यात. देवाच्या कोंडात नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या वाळणकोंडात आजही खडसांना कुणी हात लावत नाही, देवीचे मासे म्हणून. लोक चुरमुरे टाकतात आणि हातभर मासे थव्याने वर येतात. तिथे पहारेकरी नाही. आमच्या सत्तरीत राई देवाच्या नावाने राखल्या, निरंकाराची राय सगळ्यांना ठाऊक आहे. मग राईला जो मान तो एका कोंडाला का नको?

परवा हेच मी आमच्या वाड्यावरच्या एका मुलाला सांगत होतो. चांगला मुलगा आहे, गरीवर हात चालतो त्याचा. तो म्हणाला, "काका, हांवें सोडलो तरी दुसरो धरतलोच." मी त्याला उत्तर दिले नाही. कोंडावर नेले. उंबर लावून गरी टाकायला दिली, काटा पक्कडीने दाबून. तास-दीड तासाने एक खडस लागला, साधारण किलोचा. हात ओले करायला लावले, तोंड प्रवाहाकडे करून धरायला लावला. सुरुवातीला तो हसत होता. मग गप्प झाला. माशाने शेपटी मारली तेव्हा त्याच्या तोंडावर पाणी उडाले आणि तो तसाच, हात पाण्यात ठेवून, बराच वेळ बसून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला न सांगता पुन्हा कोंडावर गेला होता, नुसता बघायला.

येत्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. आमचा कोंड गावदेवाच्या नावाने राखावा, त्यात वर्षभर कुणी काही टाकू नये, गरीसुद्धा नाही, आणि बाकीच्या नदीत हातभराहून मोठा खडस कुणाला मिळाला तर परत सोडावा. लहान खा. मोठा मासा कोंडाची बियाण्याची कणगी आहे, ती कुणी शेतकरी शिजवून खात नाही. माझी मतदार म्हणून एकच सही आहे. पण सत्तरी, डिचोली, सांगे, धारबांदोड्यात प्रत्येक नदीकाठच्या गावाला असा एक कोंड आहे, नाव असलेला. वाचकांनी आपापल्या कोंडाचे नाव आणि तिथे शेवटचा मोठा खडस कधी पाहिला ते आपल्या ह्या सदराकडे लिहून पाठवावे आणि आपण ते छापावे. वाळपई, सोनाळ, सावर्डे, उसगाव, साकोर्डे, कुठूनही. आमच्या कोंडावर मी शेवटचा मोठा खडस पाहिला तो ह्या दसऱ्यानंतर, शेरणीच्या मुळांत.

आपला,
एक निवृत्त लाइनमन
सत्तरी, गोवा